दुपट्ट्याखाली सोडलेला हात

तू मला फसवलंस, दादा. सख्ख्या मोठ्या भावाने सख्ख्या धाकट्या भावाला फसवलं आणि चार वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. हे मी तुझ्या तेरवीलाच ओरडून बोलणार होतो, जुन्या शहरातल्या तुझ्या घरी, सगळ्या पाहुण्यांसमोर. वहिनीने हात जोडले म्हणून गप्प बसलो. आता बोलतो. माणूस मेला की त्याचं सगळं माफ, असा माझा स्वभाव नाही, हे तुला माहीत आहे. तूही मला कधी काही माफ केलं नाहीस.

तू गेलास त्याला सव्वा महिना झाला. लोक येऊन सांगतात, फार सरळ माणूस होता. मी मान हलवतो. सरळ होतास हे खरंच आहे. अकोल्याच्या बाजारात चाळीस वर्षं बैलांची दलाली करून ज्याच्या नावाने कोणी शिवी दिली नाही असा दुसरा दलाल मी पाहिला नाही. मला मात्र अमरावतीत आठवड्यातून दोनदा तरी कोणीतरी शिवी देतं. म्हणूनच राग जास्त येतो. जगाशी सरळ वागलास, फसवायला मीच सापडलो.

शाळा सोडून मी तुझ्यामागे बाजारात आलो तेव्हा तू मला पहिल्या दिवशी काय शिकवलंस, आठवतं? बैल नाही दाखवलास. दुपट्टा दाखवलास. खांद्यावरचा दुपट्टा काढून तू माझ्या हातावर टाकलास, खालून माझी बोटं धरलीस आणि म्हणालास, "बोल, किती झाले?" एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळी मूठ धरली तर पाच. हजार की शेकडा, हे जनावर पाहून दोघांनाही कळतं. भोवती पन्नास माणसं उभी असतात, पण आकडा दोन हातांच्या बाहेर जात नाही. घेणारा मान हलवतो, नाही म्हणतो, शिव्या घालतो, निघून जायचं नाटक करतो.

"आता पाह्य," तू म्हणाला होतास, "तो तोंडानं नाही मनते. पण हात काढला काय त्यानं?"

"नाही."

"मंग सौदा जिता हाये. पहिला नकार नकार नसते, बाल्या. तो नुसता खोकला असते. हात दुपट्ट्यात हाये तोवर सोडायचा नाही. आन एकदा आकडा पटला, हात सुटला, की मंग देव आला तरी आकडा बदलायचा नाही."

मी आज जो काही आहे तो या दोन वाक्यांवर आहे. बडनेरा रोडवरचं माझं जुन्या ट्रॅक्टरांचं यार्ड, घर, माझ्या मुलाचं, निलेशचं शिक्षण, सगळं. माझ्याकडे दुपट्टा नाही, टेबल आहे. पण पहिल्या नकाराला मी कधीच घाबरलो नाही. माणूस उठून दारापर्यंत गेला तरी मी त्याचा चहा मागवलेला असतो.

तुला माझं ट्रॅक्टरांचं काम कधी पटलं नाही. आपलं ते भांडण तीस वर्षं चाललं, आणि आता तसंच राहिलं.

"काय पाह्यतं बे त्या लोखंडात? त्याले ना दात, ना शेपूट."

"त्याले चारा नाही लागत, दादा."

"चारा नाही लागत म्हणून तं त्याले माया नाही. बैल माणसाकडं पाह्यते. तुहा ट्रॅक्टर पाह्यते काय कोनाकडं?"

मला याचं उत्तर कधी सुचलं नाही, मग मी चिडायचो, आणि वहिनी आतून म्हणायची, झालं सुरू दोघा भावांचं. पुढच्या वेळी तुझ्यासाठी एक उत्तर तयार ठेवलं होतं. आता ते कोणाला सांगू?

त्या दिवशीचं सांगतो, कारण तुला ते कोणी सांगितलं नसेल. बाजाराबाहेरचा रस्ता ओलांडताना डाव्या बाजूने बैलांची पिकअप आली आणि तू तिच्यासमोर गेलास. चार दिवस दवाखान्यात होतास, शुद्धीवर आलाच नाहीस. मी अमरावतीहून पोहोचलो तेव्हा ड्रायव्हर तिथेच बाकावर बसून रडत होता. मी त्याची कॉलर धरली.

"काका, आबाजी थांबले होते ना. मी पाहून राहिलो होतो त्यांच्याकडं. हारन बी देल्ला. त्यांनी गाडीकडं पाह्यलंच नाही, सरळ चाकासमोर आले."

"म्हातारा माणूस मुद्दाम येईन बे चाकासमोर?" मी विचारलं आणि त्याच्या दोन कानफटात दिल्या. लोकांनी धरलं म्हणून, नाहीतर अजून दिल्या असत्या. तेरा दिवस मी एकाच गोष्टीवर जगलो, की या ड्रायव्हरला सोडायचं नाही. अशा वेळी राग फार कामाचा असतो. रडावं लागत नाही.

तेरवीची पंगत उठली आणि मी वहिनीपाशी बसून पुन्हा तेच सुरू केलं. कोर्टात खेचतो, लायसन घालवतो. वहिनीने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "भाऊजी, त्या ड्रायव्हरले काहून मारलं तुमी? ह्यांले दिसतच नव्हतं."

मला वाटलं दुःखाने तिचं डोकं फिरलं.

"डाव्या बाजूचं तं काहीच नव्हतं दिसत. समोरचं तेवढं दिसे, नळीतून पाह्यल्यावानी. ते बी थोडं थोडं कमी होऊन राहिलं होतं."

"दादाले? कव्हापासून?"

"सहा वर्सं झाले."

मी हसलो. खरंच हसलो. मागच्या पोळ्याला तू एका बैलाच्या तोंडात बोट घालून त्याचं वय सांगितलं होतंस. वशिंडावर हात फिरवून सांगितलं होतंस की याच्या खांद्यावर जू नीट बसत नव्हतं. एक बैल चालवून आणला तर तू पाहिलंही नाहीस, मान खाली घालून म्हणालास, "मांगचा उजवा पाय हलका टाकते, खूर पाह्य त्याचा." सगळे म्हणाले, वा! दलाल असावा तर असा, न पाहता सांगतो. आम्हाला कोणालाच कळलं नाही की तू न पाहताच सांगत होतास. बोटांनी दात, तळहाताने खांदा, कानांनी चाल. आणि भाव तर दुपट्ट्याखालीच. या धंद्यात डोळ्यांचं कामच काय होतं? दुसरा कुठलाही धंदा असता तर सहा महिन्यांत पकडला गेला असतास.

आणि ती तुझी मान! कोणी हाक मारली की नुसते डोळे न वळवता सगळी मान फिरवून पाहायचास. बाजारात लोक म्हणायचे, दलालाची ऐट पाहा. मीही म्हणायचो. डाव्या हाताला ठेवलेला चहा तू तीनदा सांडलास, तेव्हा मी म्हणालो होतो, "म्हातारा झाला दादा." तू म्हणालास, "हो बाप्पा, झालो." इतक्या सहज खोटं बोललास.

वहिनीने लोखंडी पेटी उघडली. तुझे धुतलेले दुपट्टे वर, खाली प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. मी ओसरीवर उजेडात जाऊन वाचली. वाचायला उजेड जास्त लागतो हल्ली, हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

पहिल्या कागदावर डोळ्यांचा दाब लिहिलेला. एका डोळ्याचा एकोणतीस. थेंब दिलेले. तीन महिन्यांनंतरच्या कागदावर सतरा. त्यानंतर कागदच नाही. दोन वर्षांनी पुन्हा एक कागद, आणि दाब चौतीस.

"मधले दोन वर्सं कुठी गेले?" मी विचारलं.

वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाली, "एकोणतीसचे सतरा झाले ना, तं हे मने, आकडा पटला, हात सुटला. आता काहून थेंब टाकायचे? मी मनलं डॉक्टरनं बंद कर असं नाही सांगितलं. तं मने, तुले सौद्यातलं काय कयते?"

दादा, याला काय म्हणू? दुसरा कोणी असता तर आळसाने थेंब सोडले असते, पैशाच्या चणचणीने सोडले असते. तू तत्त्वाने सोडलेस! चाळीस वर्षं पाळलेला नियम तू आजाराला लावलास. आजाराने एकोणतीस मागितले, थेंबांनी सतरावर आणले, सौदा पक्का, आता देव आला तरी आकडा बदलायचा नाही. पण त्या आजाराने दुपट्ट्याखाली हात दिलाच नव्हता रे. त्याला कुठला नियम माहीत होता? थेंब बंद झाल्यावर तो गुपचूप पुन्हा चढला, आणि तुला कळलंही नाही, कारण ना दुखत होतं, ना खुपत होतं.

आणि त्या चौतीसच्या कागदाला एक छापील पत्रक टाचलेलं होतं. मराठीत. काचबिंदू झालेल्याच्या भावाने, बहिणीने, मुलांनी आपल्या डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्यावी, कारण हा आजार रक्तातून येऊ शकतो. तुला लेकरू नाही. बहीण नाही आपल्याला. डॉक्टरने पेनाने एकाच शब्दाभोवती गोल केला होता. भाऊ.

त्या गोलातला माणूस मी होतो. चार वर्षं तो कागद तुझ्या दुपट्ट्यांखाली होता.

"मले सांगितलं काहून नाही?" मी वहिनीवर ओरडलो. अंगणातले पाहुणे वळून पाहायला लागले.

"शप्पथ घातली होती त्यांनी. बाल्याले सांगशीन तं माहं मेलेलं तोंड पाह्यशीन मनले." मग ती हळूच म्हणाली, "ते बी पाहून झालं आता."

तिने हात जोडले तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. बाई आहेत, वयाने माझ्यापेक्षा खूप लहान, पण बोलायला खमक्या. मला वाटलं होतं दाब म्हणजे बीपीसारखं काहीतरी असेल. त्यांनी विचारलं, शेती आहे का? म्हटलं, पाच एकर काळी आहे.

"मग सोपं आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होतं आणि बाहेर वाहून जातं. रोज, सतत. हे अश्रूंचं पाणी नाही, आतलं वेगळं. त्याचा निचरा मंदावला की डोळ्यात दाब वाढतो. काळ्या जमिनीत पाणी साचलं तर तुरीचं काय होतं?"

"मुया सडतात."

"आणि वरून?"

"वरून आठ दिवस हिरवंच दिसते."

"तसंच. मागे डोळ्याची नस असते, तिच्यावर तो दाब पडत राहतो आणि ती हळूहळू मरते. वरून डोळा चांगला दिसतो, समोरचं अक्षर वाचता येतं, गाडी चालवता येते. आधी कडेकडेचं जातं. माणूस मान फिरवून भागवतो, त्याला वाटतं आपल्याला सगळं दिसतं."

मान फिरवून. तुझी ती ऐट, दादा.

माझा दाब चोवीस आणि बावीस निघाला. मी लगेच म्हणालो, मग फार नाही. बाई म्हणाल्या, नुसत्या आकड्यावर जाऊ नका. साधारण दहा ते एकवीस बरा समजतात, पण एखाद्याची नस पंचवीसमध्येही टिकते आणि एखाद्याची अठरामध्येही मरते. आकडा म्हणजे आजार नव्हे, नस पाहावी लागते. आपल्याला हे कोणी आधी सांगितलं असतं का, की असाही एक आकडा असतो जो पटला तरी सौदा होत नाही?

मग त्यांनी मला एका मशीनसमोर बसवलं. पांढऱ्या गोल भांड्यात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे पाहायचं आणि कडेला बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. सुरुवातीला दिवे दिसले. मग बराच वेळ काहीच नाही. मशीन तर टकटक चालूच होतं. मी ओळखलं, दिवे लागत आहेत आणि मला दिसत नाहीत. मग मी काय केलं असेल? अंदाजाने बटण दाबायला लागलो. एक, दोन, दाब. एक, दोन, दाब. म्हटलं, मशीनच आहे, त्याला काय कळतं!

बाजूला बसलेली तपासणीवाली मुलगी म्हणाली, "काका, दिवा नसला तरी दाबून राहिले तुमी. मशीनले समजते ते."

आयुष्यात इतकी माणसं गुंडाळली, आणि एका भांड्याने मला पकडलं. पुन्हा पहिल्यापासून बसवलं. दुसऱ्यांदा इमानदारीने दाबलं. निकालाच्या कागदावर डाव्या डोळ्याचं वरचं अर्धं काळं. उजव्या डोळ्यातही नाकाकडच्या बाजूला काळं सुरू झालेलं.

मी बोलणी सुरू केली. तू असतास तर तुला लाज वाटली असती, पण मला दुसरं काही येत नाही.

"ऑपरेशन करा. नागपूर म्हणा, मुंबई म्हणा, पाहिजे तिथं जातो. किती परत येईन?"

"गेलेलं परत येत नाही."

"अर्धं?"

"नाही."

"चार आणे तरी?"

"काका, एक कणही नाही. मेलेली नस जिवंत करायचा उपाय अजून नाही. ऑपरेशन केलं तरी ते उरलेलं वाचवायला. थेंब रोज टाकायचे, आयुष्यभर, दाब खाली आला तरी. दाब खाली येतो तो थेंबांमुळेच."

मी तीस वर्षांत पहिल्यांदा एका टेबलावरून काही न मिळवता उठलो. दारात थांबून विचारलं, "चार वर्सं आधी आलो असतो तं?"

बाईंनी निकालाचा कागद पुन्हा समोर ओढला. "तेव्हा किती गेलं होतं हे आता सांगता येणार नाही. पण बरंच वाचलं असतं."

म्हणून म्हणतो, तू मला फसवलंस. माझ्या डाव्या डोळ्याचं अर्धं आकाश तुझ्या पेटीत होतं.

आता एक गोष्ट सांगतो. ती मी मुद्दाम इतक्या उशिरा सांगतो आहे. बाजारात आपल्या बैलाची खोड कोणी आधी सांगत नसतं. गिऱ्हाईक कासरा हातात घेतं तेव्हा सांगायची, तीही हळूच.

तू आला होतास.

चार वर्षांपूर्वी, दुपारी, एसटीने. यार्डात माझ्यासमोर तीन गिऱ्हाइकं होती आणि एका ट्रॅक्टरची बोलणी अगदी तुटायला आली होती. तू पांढऱ्या कपड्यात, खांद्यावर दुपट्टा. नेहमी आलास की आधी गिलावडा मागवायचास. त्या दिवशी खाण्याचं नाव काढलं नाहीस. सरळ येऊन माझं मनगट धरलंस.

"चाल, डोये दाखवू तुहे."

"माह्या डोयाले काय झालं?"

"काही नाही झालं. आतला दाब मोजतेत. दुखत नाही, खुपत नाही. पाच मिनिटाचं काम. चाल ना लेका."

"दादा, इथं सौदा चालू हाये."

"चालू दे. तू चाल."

मला वाटलं, म्हातारपणी याने नवीन धंदा धरला. आपण दोघंही दलाल. कोणी कोणाला हाताला धरून कुठे नेतो आहे म्हटलं की आपल्याला एकच दिसतं. गिऱ्हाइकांकडे पाहून डोळा मारत मी म्हणालो, "काय दादा, डॉक्टर पेशंटामांग किती देते तुले? कट किती हाये?"

ते तिघंही मोठ्याने हसले. त्यांचं मन सैल झालं आणि तो ट्रॅक्टर मी विकला.

तू मनगट सोडलंस. दुपट्टा सारखा केलास. म्हणालास, "साडेतीनची बस हाये." सगळी मान फिरवून फाटक कुठे आहे ते पाहिलंस आणि गेलास. मी चहासाठीही हाक मारली नाही.

झाली माझी खोड सांगून. आता म्हणशील, मग मी कुठे फसवलं? फसवलंसच. तू अर्धंच सांगितलंस. भाव बोललास, जनावर दाखवलं नाहीस. "बाल्या, माह्ये डोये चालले" एवढे चार शब्द बोलला असतास तर मी हसलो असतो का? मी स्वतःलाच हे बऱ्याचदा विचारलं. तीन गिऱ्हाइकांसमोर कदाचित हसलोही असतो. पण संध्याकाळी घरी हसलो नसतो. तुला संध्याकाळपर्यंत थांबायला काय झालं होतं? बाजाराला कळेल म्हणून भ्यालास, माझ्या मोठ्या तोंडाला भ्यालास, सगळं मान्य. पण मी बाजार होतो का?

आणि त्यानंतर चिखलदरा झालं. दोन वर्षांनी. तोपर्यंत आपण पुन्हा बोलायला लागलो होतो, माफी न मागता, जसं आपल्याकडे होतं तसं. सगळे मिळून गेलो. दरी पाहायला खाली उतरायच्या पायऱ्या होत्या. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि खालपर्यंत तसाच ठेवलास. लहानपणानंतर तू माझ्या खांद्यावर हात ठेवला नव्हतास. मला वाटलं, दादाचं मन निवळलं. मी मुद्दाम हळू उतरलो, तो हात जास्त वेळ राहावा म्हणून. आता कळतं, तुला पायऱ्या दिसत नव्हत्या.

खाली कठड्याला धरून सगळे डावीकडचा धबधबा पाहत होते. तू समोर पाहत होतास, जिथे काहीच नव्हतं. "बाल्या," तू म्हणालास. मी "हं" म्हणालो. तू कठड्यावरची पकड सारखी केलीस. मग म्हणालास, "काही नाही. चाल, थंडी वाजून राहिली."

थंडी! आपण दोघं तिथे घामाने निथळत होतो. मीही विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं तर त्या दुपारची गोष्ट निघेल.

त्या ड्रायव्हरला मी भेटून आलो. माफी मागता आली नाही मला, तुला माहीत आहे. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, त्यांना दिसत नव्हतं. तो पुन्हा रडायला लागला. बस, एवढंच झालं.

आता मी रोज थेंब टाकतो. टाकताना डोक्यावर छत दिसतं, आणि नुसत्या डाव्या डोळ्याने पाहिलं की वरचा पंखा दिसत नाही, नुसता त्याचा वारा लागतो. बाई म्हणतात, टिकेल. किती दिवस ते त्या सांगत नाहीत, मीही विचारत नाही. गाडी निलेश चालवतो. तोच तर आता माझा सगळ्यात मोठा घोर आहे. माझा मुलगा, तुझं रक्त, तिशीला आलेला. बाईंनी मला बजावून सांगितलं, त्याला तपासायला आणा, नुकतंच सुरू झालं असेल तर जवळजवळ सगळं वाचेल.

पहिल्यांदा विचारलं तर तो हसला. "बाबा, हे सगळं कमिशन हाये. थेंबाचं वेगळं, चष्म्याचं वेगळं, मशीनचं वेगळं. तुमीच तं शिकवलं." दुसऱ्यांदा विचारलं तर चिडला, माह्ये डोये ठणठणीत हायेत म्हणाला. काल यार्डात तिसऱ्यांदा त्याचं मनगट धरलं. समोर गिऱ्हाइकं होती. तो त्यांच्याकडे पाहून म्हणाला, "डॉक्टरीणबाईनं बाबाले एजंट ठेवलं वाटते."

माणसं हसली.

तेव्हा मला कळलं दादा, तुझ्या हाताला त्या दुपारी काय झालं असेल. हात आपणहून सुटतो.  माझाही सुटला. मी यार्डाच्या मागे जाऊन ट्रॅक्टरांच्या रांगेत उभा राहिलो, आणि तुझं खरं आहे, त्यातल्या एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही.

पण आज सकाळी मी पुन्हा त्याच्याकडे गेलो. चौथ्यांदा. तो नाही म्हणाला. उद्या पाचव्यांदा जाईन. तो येईल असं मला वाटत नाही, तो माझाच मुलगा आहे, आणि तो येईपर्यंत काय काय गेलेलं असेल हे त्यालाही कळणार नाही. तरी जाईन. माझी चार गिऱ्हाइकांत इज्जत गेली तरी जाईन, कारण मला एका माणसाने शिकवलं होतं की पहिला नकार नुसता खोकला असतो.

ते तूच शिकवलंस ना? अनोळखी माणसाला बैलजोडी विकण्यासाठी तू दोन-दोन तास त्याची बोटं सोडली नाहीस. त्याने तुझ्या आईबापाचा उद्धार केला तरी सोडली नाहीस. मग माझंच मनगट एका थट्टेवर कसं सोडलंस? मी फक्त खोकललो होतो. माझा हात तर दुपट्ट्यातच होता, दादा, चार वर्षं तसाच होता. तू दुसऱ्यांदा का आला नाहीस? कोणाला विचारू हे? वहिनीला नाही, डॉक्टरला नाही, तुलाच विचारतो. जवाब दे.